चिठ्ठी कुणाची, पिक्चर कुणाचा: शहापुरातल्या एका पिक्चर-भिशीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावातल्या शहापूर भागातल्या एका गल्लीतली ही भिशी. माणसांची नावं देत नाही. गल्लीत ज्या नात्याने हाक मारतो, त्याच नात्याने इथे लिहिते. भिशीची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. आकडे वहीतले, मतं माझी.

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. त्याच आठवड्यात आम्ही गल्लीतली बारा माणसं एकत्र जाऊन आलो. शेवटी ते तान्हं पोर लाल पावलं उमटवत चालत जातं आणि पडद्यावरचा सगळा आवाज बंद होतो. रात्री एक वाजेपर्यंत ओट्यावरून कुणी उठलं नाही. मामांचे दोन यंत्रमाग आहेत, पहाटे लवकर उठावं लागतं, तरी तेही बसून होते. भिशीची कल्पना त्या रात्री त्यांनीच काढली.

नियम साधे होते. बारा जण, प्रत्येकी महिना ४०० रुपये, म्हणजे ४,८००. दर महिन्याला एक चिठ्ठी. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी निघाली की रक्कम घरी नेतात. इथे ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पिक्चर ठरवायचा आणि बाकी अकरा जणांनी सोबत जायचं. तिकीट, रिक्षा, मध्यंतरातला चहा सगळं भिशीतून. उरेल ते दिवाळीला वाटून घ्यायचं. जो येणार नाही त्याचे पैसे परत नाहीत.

माणसं अशी: मामा-मामी, मराठी शाळेतून निवृत्त झालेले सर, शेजारच्या कन्नडभाषिक अक्का, वायरिंगची कामं करणारा दादा, त्याची बायको, कॉलेजातली दोन पोरं, मी आणि आमच्या घरातले तिघे. अक्का मराठी बोलतात, पण थांबून थांबून. वर्षातून एकदा त्यांचीही चिठ्ठी निघायची आणि दरवर्षी त्या एकच म्हणायच्या, "मामींना विचारा." मग मामी ठरवायच्या. आम्हांला तो अक्कांचा मोठेपणा वाटायचा. या प्रकरणातली पहिली चूक तीच आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

बिघडायला कुठे लागलं

लॉकडाऊननंतर भिशी पुन्हा सुरू झाली, तेव्हा थिएटरात नव्या गोष्टी कमी आणि आधी कुठेतरी सांगून झालेल्या गोष्टी जास्त दिसू लागल्या. वहीतली ओळीने नोंद बघा. ऑगस्ट २०२२: 'लालसिंग चड्ढा', १९९४ च्या 'फॉरेस्ट गंप'चा हिंदी अवतार. नोव्हेंबर २०२२: 'दृश्यम २', मल्याळमवरून. फेब्रुवारी २०२३: 'शहजादा', तेलुगूतल्या 'अला वैकुंठपुरमुलो'वरून. जून २०२३: 'आदिपुरुष'. नोव्हेंबर २०२३: 'द मार्व्हल्स'.

सगळे वाईट नव्हते. 'लालसिंग'ला मामी रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. मला तो पिक्चर मात्र भाषांतरासारखा वाटला. चॉकलेटच्या खोक्याच्या जागी पाणीपुरी, व्हिएतनामच्या जागी कारगिल, प्रत्येक वस्तूला इथली एक वस्तू शोधून ठेवलेली. पण त्या भोळ्या माणसाकडे बघून अमेरिकेला स्वतःविषयी जे दिसलं होतं, तसं आपल्याला आपल्याविषयी काय दिसलं? थिएटरात बसून मी ते शोधत राहिले.

भांडण पेटलं ते दिवाळीत. 'द मार्व्हल्स' १० नोव्हेंबर २०२३ ला आला. चिठ्ठी धाकट्या पोराची होती, आनंदाने त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने थ्रीडीची बारा तिकिटं आधीच काढून ठेवली. आले सात जण. मध्यंतरात मामांनी विचारलं, "अरे, ह्या दोघी कोण? ह्यांना ही शक्ती आली कुठून?" पोराने सांगितलं की एकीचं 'वांडाव्हिजन' मालिकेत आहे आणि दुसरीचं 'मिस मार्व्हल' मालिकेत, म्हणजे २०२१ आणि २०२२ च्या दोन मालिका मोबाइलवर बघून झालेल्या असतील तर हे कळणार. बारांत एकट्या त्यानेच त्या बघितल्या होत्या. मामा आणि दादा चहा पिऊन परत आत गेले नाहीत.

वहीत त्या महिन्याला: तिकिटं ४,०८०, रिक्षा ४००, मध्यंतरातलं खाणं ६६०. एकूण ५,१४०. भिशी जमा होऊन पहिल्यांदाच खर्च जमेपेक्षा वर गेला होता, ३४० रुपये दिवाळीच्या शिलकीतून काढावे लागले. न आलेल्या पाच जणांनी पैसे मागितले. पोराला वाटलं सगळे त्याच्यावर उलटलेत. तो पंधरा दिवस ओट्यावर आला नाही.

ओट्यावरचे पर्याय

डिसेंबरच्या एका रविवारी सगळे बसलो. समोर पाच वाटा होत्या.

मामांची वाट सरळ होती: वही बंद करा, शिल्लक वाटा. दादाचं म्हणणं, दोन भिशा करा, एक पोरांची आणि एक मोठ्यांची. मामींनी सुचवलं की चिठ्ठी बंद करून हात वर करून मतं घ्यावीत. मी म्हटलं, पहिल्या आठवड्यात जायचंच नाही. दहा दिवस थांबायचं, लोकांचं ऐकायचं, मग ठरवायचं.

सर सर्वांत कडक निघाले. नवीन नियम लिहा म्हणाले, भिशीच्या पैशाने रिमेक नाही, दुसरा भाग नाही, सुपरहिरो नाही. "उष्टं अन्न किती दिवस खायचं?" असं ते म्हणाले आणि ओट्यावर बऱ्याच माना हलल्या.

या प्रस्तावावर आम्ही तासभर अडकलो आणि ते बरंच झालं, कारण खरा प्रश्न तिथेच होता. मी सरांना विचारलं, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे ना? त्यांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणलं, ते तर कालिदासाचं. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, त्यातली गोष्ट महाभारतातली. सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे प्रत्येक प्रेक्षकाला घरून निघतानाच माहीत होतं. तरी माणसं दहा-दहा वेळा जायची, पदांना वन्समोर घ्यायची. ते काय उष्टं होतं?

सर गप्प झाले. पुढच्या रविवारी सार्वजनिक वाचनालयातून टिपणं काढून आले आणि स्वतःच स्वतःचा प्रस्ताव मोडला. फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' १९१७ मध्ये पुन्हा काढला होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' १९३६ मध्ये बोलपट म्हणून परत केला. सर म्हणाले, "मधल्या काळात पडद्याला आवाज आला होता. सावकाराच्या दारातला शेतकरी पहिल्यांदा बोलणार होता. परत सांगण्याला कारण होतं." हे 'कारण' पुढे आमच्या नियमात आलं.

अक्का बोलल्या

त्या चर्चेत कुणीतरी 'दृश्यम २'चं कौतुक काढलं. रिमेक असूनही तो आम्हां सगळ्यांना आवडला होता. पहिल्या हिंदी भागाचं दिग्दर्शन निशिकांत कामत यांचं, गाव गोव्यातलं. चोर्ला घाट उतरला की आपलंच अंगण. दोन ऑक्टोबरला पणजीला सत्संग आणि हॉटेलात पावभाजी, हे तर पोरांना पाठ.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "मला शेवट ठाऊक होता."

'दृश्य' कन्नडमध्ये २०१४ ला आला, हिंदीच्या एक वर्ष आधी. 'दृश्य २' डिसेंबर २०२१ मध्ये. अक्कांनी दोन्ही बघितले होते. म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही शेवटच्या कोर्टाच्या दृश्याला श्वास रोखून बसलो होतो, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला जवळजवळ वर्षभर आधीपासून सगळं माहीत होतं, आणि तिने एक अक्षर काढलं नव्हतं.

"सांगून काय करू?" त्या म्हणाल्या. "तुमची तोंडं बघत होतो मी. मजा आली की."

मग हळूहळू बाकीचंही निघालं. 'सैराट'वरून कन्नडमध्ये २०१७ ला 'मनसु मल्लिगे' झाला, नायिका तीच रिंकू राजगुरू, चालीही अजय-अतुल यांच्याच. अक्का एकट्या जाऊन बघून आल्या होत्या. "पोरगी तीच, गाणी तीच. तरी मला ती गोष्ट आमच्या गावची वाटली नाही." 'केजीएफ २' आम्ही २०२२ मध्ये मामींच्या माहेरी कोल्हापूरला गेलो असताना हिंदीत बघितला होता. अक्का सोबत होत्या. आपल्या भाषेतला पिक्चर त्या परक्या आवाजात बघून आल्या आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

सीमाभागात राहून आम्ही भाषेवरून खूप काही सोसलेलं आहे. मराठी पिक्चरला इथे एखादाच खेळ मिळतो, तोही आडवेळी, याचं दुःख आम्ही वर्षानुवर्षं बोलून दाखवतो. आमच्याच ओट्यावर एका बाईच्या सात वर्षांच्या चिठ्ठ्या भाषेच्या संकोचाने वाया गेल्या, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पिक्चरच्या बाजूनेही ते मोठं नुकसान होतं. एकच गोष्ट मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत बघितलेला माणूस रिमेकची पारख इतर कुणाहीपेक्षा चांगली करू शकतो. असं माणूस आमच्यात बसलेलं होतं.

काय ठरलं आणि काय केलं

चिठ्ठी राहिली. मतदान नाकारलं, कारण मतदानात अक्का आणि धाकटा पोरगा कायम हरले असते. दोन भिशाही नाकारल्या. जानेवारी २०२४ पासून चार गोष्टी सुरू झाल्या.

एक, भाषा कोणतीही चालेल आणि स्वतःची चिठ्ठी दुसऱ्याला देता येणार नाही. दोन, दहा दिवस थांबायचं. तीन, पिक्चर आधीच्या एखाद्या गोष्टीवरून असेल किंवा पुढचा भाग असेल तर निवडणाऱ्याने आदल्या रविवारी मूळ गोष्ट ओट्यावर सांगायची, किंवा सरांच्या टीव्हीवर दाखवायची. चार, पिक्चर बघून आल्यावर वहीत तीन रकाने भरायचे: काय घेतलं, काय सोडलं, काय नवीन आणलं.

सराव म्हणून पहिले रकाने 'सैराट' आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक' यांचे भरले. घेतलं: प्रेम, पळून जाणं, 'झिंगाट'. सोडलं: जात. हा रकाना सरांनी लिहिला आणि पेन खाली ठेवलं. करमाळ्याच्या बाजूची ती गोष्ट उदयपूरच्या वाड्यात गेली आणि पाटलाची पोर व पारध्याचा पोर यांच्यातली भिंत धूसर झाली. शेवटही बदलला, मुलगी जिवंत राहते, नवरा आणि मूल मारलं जातं. धक्का बसतो. पण 'सैराट'मध्ये मागे उरलेलं पोर आपल्याकडे चालत येतं, आणि त्याला कोण घेणार हा प्रश्न आपल्या अंगावर येतो. 'धडक'मध्ये तो प्रश्न राहत नाही. खर्च कितीही वाढवला तरी काढून टाकलेलं हाड परत बसवता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

उलट उदाहरणही वहीत आहे. डिसेंबर २०२२ चा 'वेड' तेलुगू 'मजिली'वरून केलेला, पण मामींनी तो मराठीच मानला, त्यांना रिमेक असल्याचं मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

सुपरहिरोंचा प्रश्न धाकट्या पोरानेच सोडवला. त्याने आम्हांला सरांच्या घरी मल्याळम 'मिन्नल मुरली' दाखवला. गावातला एक शिंपी, त्याच्यावर वीज पडते. त्याच रात्री गावाने कायम हिणवलेल्या आणखी एका माणसावरही पडते. एक नायक होतो, दुसरा खलनायक, आणि दुसऱ्याचं दुःख बघून मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा म्हणाले, "हा शिंपी मला कळतो." पोरगा म्हणाला, "मामा, मला मार्व्हलची माणसं अशीच कळतात. मी सातवीपासून त्यांच्याबरोबर आहे. 'एंडगेम' बाविसावा पिक्चर होता, तेवढं चालत आल्यावर तिथे रडू येतं." हे त्याने दिवाळीच्या त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर! पण त्या संध्याकाळी आम्ही ऐकलं नसतं.

त्याचं म्हणणं मी मान्य करते. मालिकेची लांबी हा दोष नाही. कथेकरी रोज पुढची गोष्ट सांगतो तेव्हा आदल्या रात्री न आलेल्यासाठी आधी चार वाक्यं बोलतो. 'द मार्व्हल्स'ने आमच्या मामांसाठी ती चार वाक्यं नीट सांगितली नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये 'मुफासा'साठी गल्लीतली लहान मुलंही आली. आदल्या रविवारी 'लायन किंग'चे दोन्ही अवतार दाखवले, १९९४ चा हाताने काढलेला आणि २०१९ चा खऱ्यासारखा दिसणारा. चित्रातल्या सिंहाला भुवया आहेत, तो बापाच्या अंगाखाली शिरतो तेव्हा त्याचा चेहरा मोडतो. २०१९ चा छावा अगदी खरा, त्यामुळे खऱ्या सिंहासारखाच कोरा. पेंटरांना नव्या यंत्राने आवाज दिला होता. इथे नव्या यंत्राने चेहरा काढून घेतला. एका सात वर्षांच्या मुलीने नवीन काय आणलं या रकान्यात लिहिलं: केस.

निष्पत्ती

दोन वर्षांत खर्च एकदाही जमेच्या वर गेला नाही. दहा दिवसांनी, आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट स्वस्त पडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घातली तेव्हा मामांनी पेढे वाटले होते, पण त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. आमचं गणित आम्हांलाच जमवावं लागणार, हे स्पष्ट झालं.

दहा दिवसांच्या नियमाने एक मोठी चूक घडवली. २०२४ मध्ये दादाने एक मराठी पिक्चर निवडला, आम्ही नियमाप्रमाणे थांबलो, आणि आठव्या दिवशी तो बेळगावातून उतरला. आमची बारा तिकिटं पहिल्या आठवड्यात पडली असती तर खेळ टिकला असता असं नाही, पण आडवेळच्या त्या एका खेळाला बारा माणसं म्हणजे फरक असतो. दादा बोलला नाही, त्याच्या बायकोने सुनावलं. नियम मोठ्या पिक्चरांवर चिडून केला होता आणि मार लहानाला बसला. त्यानंतर मराठी पिक्चरला पहिल्याच आठवड्यात जायचं ठरलं. 'नवरा माझा नवसाचा २' आणि पुढच्या वर्षी 'दशावतार' आम्ही असेच बघितले. 'दशावतार' कशाचाही दुसरा भाग नाही, नायक ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर. त्या महिन्यात वहीतले तिन्ही रकाने रिकामे राहिले याचा सरांना फार आनंद झाला.

'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' दोन्ही १ नोव्हेंबर २०२४ ला लागले. बेळगावात तो दिवस कसा असतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको. कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक एकीकडे, मराठी भाषकांचा काळा दिवस दुसरीकडे. दहा दिवसांच्या नियमाने त्या वेळी आम्हांला वाचवलं.

ऑक्टोबर २०२५ ला अक्कांची चिठ्ठी निघाली. त्यांनी 'कांतारा: चॅप्टर १' सांगितला, कन्नडमध्येच. आदल्या रविवारी पहिल्या 'कांतारा'ची गोष्ट त्यांनी ओट्यावर सांगितली, पंजुर्ली दैव कोण, गुळिग दैव कोण, भूतकोला हा दैवांचा विधी म्हणजे काय. मराठी शब्द अडला की कन्नड वापरायच्या आणि दादाची बायको अर्थ सांगायची. दोन तास कुणी हललं नाही. पिक्चर मला पहिल्यापेक्षा जड वाटला. पहिल्यात जंगलाचा वास होता, इथे राजवाडा आणि युद्ध बरंच आहे. शेवटाकडे मात्र अंगावर काटा आला. गोष्ट कदंब राजांच्या काळातली, आणि कदंबांची एक राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी. पुढच्या रविवारी शिलकीतून टेम्पो करून सगळे हलशीला गेलो. भूवराह नरसिंहाच्या देवळासमोर सरांनी इतिहास सांगितला, अक्कांनी तो कन्नडमध्ये त्यांच्या भाच्याला सांगितला.

सगळंच जुळलं असंही नाही. आमच्या घरातले दोघे भिशीतून बाहेर पडले. पिक्चर बघायला शाळा कशाला, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अक्कांना २०१६ मध्येच विचारायला हवं होतं, आणि एकदा नाही म्हणाल्या तर परत विचारायला हवं होतं. "तुम्हांला काय आवडेल?" याऐवजी "तुम्ही नुकतंच काय बघितलंत?" असं विचारलं असतं तर बहुधा पहिल्याच वर्षी उत्तर मिळालं असतं.

पैशाचा नियम भांडणाआधी लिहायला हवा होता. न येणाऱ्याचे पैसे जातात हे ठीक, पण तिकिटं काढण्याआधी किती जण येणार हे निवडणाऱ्याने विचारायचं, हे वाक्य २०२३ मध्ये वहीत असतं तर पाच तिकिटं वाचली असती आणि एका पोराचे पंधरा दिवस.

दहा दिवस थांबण्याचा नियम करताना तो कोणाला लागू पडेल याचा विचार मी केला नाही. सूचना माझी होती, म्हणून जबाबदारीही माझी.

धाकटा पोरगा आता नोकरीसाठी पुण्याला आहे. ४०० रुपये दर महिन्याला मोबाइलवरून पाठवतो, चिठ्ठी सोडलेली नाही. मार्व्हलचा पुढचा मोठा पिक्चर, 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे', डिसेंबर २०२६ साठी जाहीर झाला आहे. त्याने आत्तापासून तीन रविवार मागून ठेवलेत, सुरुवातीपासूनची सगळी गोष्ट सांगणार म्हणतो. मामांनी होकार दिला. अक्कांनी अट घातली: सावकाश सांग, मी लिहून घेणार. त्यासाठी मी वहीची शेवटची वीस पानं कोरी सोडली आहेत, आणि पहिल्या पानावर अक्कांनी कन्नडमध्ये त्याचं नाव लिहून ठेवलं आहे.